हॅम्स्टरचा विश्वास: सहवासाची रीत आणि तिच्यामागील कारणे

हॅम्स्टर हा कृंतक गणातील, म्हणजे आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांपैकी एक लहानसा प्राणी असून, शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत तो आज सहज मिळतो. त्याला फिरवून आणावे लागत नाही, तो भुंकत नाही, खर्चही बेताचा असतो, अशा कारणांनी तो घरी आणला जातो. मात्र पहिल्याच आठवड्यात तो बोटाला चावला किंवा हात दिसताच कोपऱ्यात दडून बसू लागला की घरातील मुलांचा उत्साह ओसरतो आणि पिंजरा गॅलरीत जाऊन पडतो. अशा बहुतेक प्रसंगांत दोष त्या प्राण्याच्या स्वभावाचा नसतो, तर कुत्र्यामांजरांच्या अनुभवावरून त्याच्याविषयी बांधलेल्या अपेक्षांचा असतो. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढला असून माणसाने जवळ घेण्यात त्याला स्वतःलाच सुख वाटते. हॅम्स्टरच्या वाट्याला असा दीर्घ सहवास आलेला नाही. त्याच्या बाबतीत विश्वास याचा अर्थ इतकाच की, या माणसाच्या वासापासून, आवाजापासून आणि हातापासून आपल्याला धोका नाही असे त्याला वारंवारच्या अनुभवाने पटलेले असते. असा अनुभव त्याला येण्यासाठी एक अट पाळावी लागते: प्रत्येक भेटीत त्याला हवे तेव्हा माघार घेता आली पाहिजे. पुढे दिलेल्या सर्व सूचना या एका अटीतून निघालेल्या आहेत.

या प्राण्याचा पाळीवपणा किती अलीकडचा आहे हे त्याच्या इतिहासावरून ध्यानात येते. सर्वाधिक पाळला जाणारा सीरियन हॅम्स्टर, ज्याला सोनेरी हॅम्स्टर असेही म्हणतात, तो मूळचा सीरियातील अलेप्पो शहराभोवतालच्या आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातील शेतजमिनींचा रहिवासी होय. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची 11 पिल्ले मिळवली. पेटीत ठेवल्यावर त्या घाबरलेल्या मादीने आपल्याच एका पिल्लाला ठार केले, म्हणून उरलेली पिल्ले तिच्यापासून वेगळी करावी लागली. त्यांतील जी जगली त्यांचे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्रजनन झाले आणि तेथून हे प्राणी निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत व पुढे घरांत पोहोचले. आज दुकानात दिसणारा सीरियन हॅम्स्टर बहुधा त्याच कुटुंबाचा वंशज असतो. बिळातून उपसून काढलेल्या त्या मादीचे वर्तन क्रूर वाटले तरी ते भयातून घडलेले होते. भयाची ही तीव्रता तिच्या वंशजांमध्ये अजून शिल्लक आहे, हे पाळणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

जर्मनीतील हाले येथील विद्यापीठाचे रोल्फ गाटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जंगली सोनेरी हॅम्स्टरांची 30 बिळे तपासली, तेव्हा त्यांची खोली 36 ते 106 सेंटिमीटर भरली आणि एकाही बिळात एकाहून अधिक प्रौढ प्राणी आढळला नाही. सीरियन हॅम्स्टर एकलकोंडा असतो असे जे सांगितले जाते, त्याला असा भक्कम आधार आहे. एकटेपणाचा त्याला त्रास होत नाही; उलट सोबतीला दुसरा हॅम्स्टर ठेवला तर वयात येताच दोघांत मारामारी जुंपते आणि ती पुष्कळदा एकाच्या मृत्यूवर थांबते. दुकानदाराने जोडी घेण्याचा आग्रह केला तरी सीरियन जातीचा एकच प्राणी आणावा. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की या बुटक्या जातींतील काही प्राणी लहानपणापासून एकत्र वाढल्यास सोबत नांदतात, परंतु तेथेही भांडणे उद्भवतात आणि सतत दबावाखाली राहणारा प्राणी माणसाच्या हातावर कधी निवांत बसत नाही. म्हणून विश्वास संपादन करण्याच्या दृष्टीने याही जातींचा एकेकटाच प्राणी पाळणे श्रेयस्कर होय.

हॅम्स्टरला जग कसे जाणवते हे समजल्याशिवाय त्याच्याशी कसे वागावे हे नीट कळत नाही. त्याची दृष्टी अधू असते. दूरचे स्पष्ट दिसत नाही आणि अंतराचा व खोलीचा अंदाजही त्याला येत नाही, त्यामुळे टेबलाच्या कडेवरून तो बेधडक पाऊल पुढे टाकतो. ही उणीव घ्राणेंद्रिय आणि कान भरून काढतात. सीरियन हॅम्स्टरच्या दोन्ही कुशींवर आणि बुटक्या जातींच्या पोटावर गंधग्रंथी, म्हणजे विशिष्ट वासाचा स्राव तयार करणारे अवयव असतात व त्या स्रावाने तो आपल्या मुलखावर खुणा करतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट जॉन्स्टन यांनी सोनेरी हॅम्स्टरांच्या गंधसंवादाचा अनेक वर्षे अभ्यास केला. हे प्राणी एकमेकांना व्यक्तिशः वासावरून ओळखतात, असे या संशोधनातून पुढे आले. पाळणारा माणूसही हॅम्स्टरच्या लेखी आधी एक वास, मग एक आवाज आणि सर्वांत शेवटी एक अंधूक आकार असतो. हा आकार वरून खाली येऊ लागला की त्याला तो झडप घालणाऱ्या घुबडासारखा वाटतो, कारण उघड्या शेतात मरण अनेकदा वरूनच येते. वरचे झाकण उघडून हात खाली घालावा लागतो असा पिंजरा याच कारणाने गैरसोयीचा ठरतो, आणि पुढून उघडणाऱ्या दाराचा पिंजरा मिळाला तर मैत्रीची निम्मी वाट सोपी होते.

हाताची ओळख करून देण्यापूर्वी प्राण्याला त्याचे घर सुरक्षित वाटले पाहिजे. जर्मनीतील पशुवैद्यकांच्या प्राणिकल्याण संघटनेने हॅम्स्टरसाठी किमान 100 सेंटिमीटर लांब, 50 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच जागेची शिफारस केलेली आहे. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे रंगीत नळ्यांचे छोटे पिंजरे या मापाच्या जवळपासही येत नाहीत. मोठी काचेची टाकी, किंवा झाकणाला मोठी खिडकी कापून जाळी बसवलेला प्लास्टिकचा मोठा खोका, हे तुलनेने स्वस्त पर्याय आहेत. तळाशी पसरायच्या भुशाला किंवा कागदाच्या लगद्याला दुकानदार बेडिंग म्हणतात; त्याचा थर जितका खोल तितका प्राणी शांत, असे म्हणायला जागा आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनेरी हॅम्स्टरांना 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोलीचे बेडिंग देऊन पाहिले, तेव्हा 10 सेंटिमीटरवर ठेवलेले प्राणी पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडताना आढळले, तर 80 सेंटिमीटरवर ठेवलेल्यांनी तारा कुरतडल्याच नाहीत. तारा कुरतडत राहणे हे साचेबद्ध वर्तन आहे, म्हणजे मनावरील ताणामुळे पुन्हा पुन्हा होणारी निरर्थक हालचाल. दात घासण्यासाठी तो तसे करतो हा समज अपुरा आहे. 80 सेंटिमीटरची सोय प्रत्येक घरी होणार नाही, पण निदान एका बाजूला 25-30 सेंटिमीटरचा थर अवश्य द्यावा. त्याचबरोबर लपायला लाकडी किंवा पुठ्ठ्याचे घर, घरटे करण्यासाठी बिनवासाच्या टिश्यू कागदाचे तुकडे, अंग घोळवण्यासाठी बारीक वाळूचे भांडे आणि सलग पृष्ठभागाचे चाक असावे. चाकाचा व्यास सीरियनसाठी सुमारे 28 आणि बुटक्या जातींसाठी सुमारे 20 सेंटिमीटर असावा, म्हणजे धावताना पाठीला बाक येत नाही. कापसासारखे लुसलुशीत बेडिंग दिसायला मऊ वाटले तरी त्याचे धागे पायांना व गालांतील पिशव्यांना गुंडाळले जातात, म्हणून ते पूर्णपणे टाळावे.

जागेची निवड महाराष्ट्राच्या हवामानात विशेष जपून करावी लागते. हॅम्स्टरला साधारण 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि माणसासारखा घाम गाळून अंग थंड करण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात किंवा पत्र्याच्या छपराखाली त्याला उष्माघात होऊन काही तासांत तो दगावू शकतो. पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत पण ओल नसलेल्या जागी ठेवावा, आत बसण्यासाठी मातीचे पसरट भांडे किंवा फरशीचा तुकडा द्यावा, आणि पारा फारच चढला तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली पिंजऱ्याबाहेर, एका बाजूला टेकवून ठेवावी. पंखा थेट अंगावर नको. स्वयंपाकघर टाळावे, कारण मिक्सरची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा धूर या तिन्ही गोष्टी तीक्ष्ण कानानाकाच्या प्राण्याला असह्य होतात. माणसाला ऐकू न येणारे उच्च कंपनाचे ध्वनी, म्हणजे श्राव्यातीत ध्वनीही हॅम्स्टरला ऐकू येतात, म्हणून टीव्ही आणि संगणक यांच्या अगदी शेजारी पिंजरा ठेवू नये.

प्राणी घरी आणल्यावर पहिले तीनचार दिवस त्याच्याशी काहीही करू नये. ही सूचना पाळणे मुलांना सर्वांत जड जाते, पण तिचे महत्त्व सर्वाधिक आहे. आईपासून तुटलेले, दुकानातून प्रवास करून आलेले पिल्लू जबर तणावात असते आणि याच काळात त्याला ओल्या शेपटीचा आजार होण्याचा धोका असतो. या आजारात तीव्र जुलाब होऊन शेपटीकडचा भाग ओला व मळका दिसतो, प्राणी गलितगात्र होतो आणि उपचार न मिळाल्यास दोन दिवसांत मरू शकतो. तसे चिन्ह दिसताच थांबून न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. अन्यथा या दिवसांत अन्नपाणी ठरलेल्या वेळी द्यावे, ते देताना हळू आवाजात बोलावे आणि बाजूला व्हावे. बोलायचे काय याला महत्त्व नाही. तोच आवाज, तीच वेळ आणि त्यानंतर अन्न येणे, यांची सांगड महत्त्वाची. मानसशास्त्रात या सांगडीला अभिसंधान म्हणतात: एखादी तटस्थ गोष्ट वारंवार सुखद गोष्टीसोबत आली की ती गोष्ट स्वतःच सुखाची सूचना बनते.

यानंतर वासाची ओळख करून द्यावी. टिश्यू कागदाचा एक तुकडा तासभर खिशात किंवा तळव्याशी बाळगून संध्याकाळी घरट्याच्या तोंडाशी ठेवावा. हॅम्स्टर आधी दुरून नाक उंचावून हुंगतो, मिशा थरथरवतो, मागे सरतो, पुन्हा येतो, आणि मन निश्चिंत झाले की तो कागद तोंडाने फाडून गालात भरून आत नेतो व घरट्यात अंथरतो. झोपण्याच्या जागेतच माणसाचा वास मिसळला की पुढची पायरी सोपी होते. कागद दोन दिवस तसाच पडून राहिला तर घाई न करता नवा ठेवावा.

हाताची पहिली भेट सायंकाळी उशिरा, तो आपणहून बाहेर आल्यावर घडवावी. जंगली सोनेरी हॅम्स्टर दिवसाउजेडीही बिळाबाहेर पडतात असे गाटरमान यांच्या गटाने दक्षिण तुर्कस्तानात नोंदवले असले, तरी घरातील हॅम्स्टर रात्रीचाच असतो आणि दिवसा झोपेतून उठवलेला प्राणी शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो. भेटीपूर्वी हात बिनवासाच्या साबणाने धुवावेत, कारण बोटांना चिवड्याचा किंवा पोळीभाजीचा वास असेल तर तो बोटालाच अन्न समजून दात लावतो. मग तळवा वर करून, बोटे जुळवून हात दारातून आत घ्यावा आणि बेडिंगवर टेकवून स्थिर ठेवावा. हात प्राण्याच्या दिशेने न्यायचा नाही, पाठलाग करायचा नाही, बोटे हलवायची नाहीत. पहिल्या दिवशी तो बहुधा येणार नाही. पाच मिनिटांनी हात सावकाश बाहेर काढावा. पुढे कधीतरी तो येऊन नखाच्या टोकाला नाक लावतो, हलकेच दात लावून पाहतो आणि पळतो. दात लावून पाहणे म्हणजे चावणे नव्हे; आंधळा माणूस जसा वस्तू चाचपून ओळखतो, तसा तो दाताने चाचपतो. या क्षणी हात झटक्याने मागे घेतला तर हा पदार्थ अचानक हलतो एवढेच तो शिकतो आणि आधीची मेहनत वाया जाते.

हाताचा वास ओळखीचा झाला की तळव्यावर खाऊ ठेवण्यास सुरुवात करावी. सूर्यफुलाची सोललेली एखादी बी, भोपळ्याची बिनमिठाची बी, राळ्याच्या कणसाचा बोटभर तुकडा किंवा काकडीची छोटी फोड यांपैकी त्याला जे आवडेल ते खास या भेटीसाठी राखून ठेवावे आणि एरवीच्या ताटलीत देऊ नये. खाऊ प्रथम बोटांच्या टोकाशी ठेवावा, मग मधल्या पेरांवर, मग तळव्याच्या खोलगट भागात आणि शेवटी मनगटाजवळ, म्हणजे तो घेण्यासाठी त्याला आधी दोन पाय आणि पुढे चारही पाय हातावर ठेवावे लागतात. प्रत्येक टप्प्याला काही दिवस लागतात. सुरुवातीला तो बी गालात कोंबून घरट्याकडे धूम ठोकतो. कालांतराने तो हातावरच बसून, पुढच्या पंजांत बी धरून फिरवत फिरवत खाऊ लागतो. हा बदल ही विश्वासाची पहिली ठळक खूण होय, कारण भयग्रस्त प्राणी अन्न साठवण्यासाठी पळतो, तो जागेवर बसून खात नाही. मात्र बिया तेलकट असल्याने दिवसाला एकदोनच द्याव्यात. कांदा, लसूण, आंबट फळे, चॉकलेट आणि कच्चा राजमा कधीही देऊ नये. गालांतील पिशव्यांना इजा होईल असे टोकदार किंवा चिकटणारे पदार्थही टाळावेत. बुटक्या जातींना मधुमेहाचा धोका असल्याने त्यांना गोड फळे व गूळ देऊ नये.

उचलण्याची घाई हा या सर्व प्रक्रियेतील सर्वांत मोठा अडथळा आहे. हातावर बसून खाणारा हॅम्स्टर हात जमिनीपासून वर जाताच भेदरतो, कारण पायाखालची जमीन हलणे त्याच्या अनुभवात बसत नाही. म्हणून आधी तो बसलेला असताना हात फक्त बोटभर उचलावा, लगेच टेकवावा आणि खाऊ द्यावा. त्याने उडी मारली तर मारू द्यावी. तो शांत राहू लागला की दुसऱ्या हाताची ओंजळ वरून न झाकता समोरून जोडावी, म्हणजे एका तळव्यावरून दुसऱ्यावर चालत जाण्यास त्याला वाट मिळते. ज्यांना किंवा ज्यांच्या हॅम्स्टरला हे अजून जमत नाही, त्यांनी मोठा प्लास्टिकचा मग किंवा पुठ्ठ्याची नळी वापरावी: मगात खाऊ ठेवून तो आडवा ठेवावा, प्राणी आपणहून आत शिरला की सावकाश उभा करून बाहेर न्यावा आणि तेथे पुन्हा आडवा करून त्याला स्वतःहून बाहेर पडू द्यावे. पाठीवरून मुठीत पकडणे, मानेची कातडी चिमटीत धरणे हे उपाय पशुवैद्याला तपासणीसाठी लागले तर लागतात. घरच्या माणसाने ते करण्याचे कारण नाही. हातावर असताना बसावे जमिनीवर, खाली सतरंजी किंवा चादर असावी. छातीच्या उंचीवरून फरशीवर पडलेल्या हॅम्स्टरचा पाय किंवा कणा मोडू शकतो आणि एवढ्या लहान प्राण्यावर शस्त्रक्रिया करणे सोपे नसते.

पिंजऱ्याबाहेरचा वेळ विश्वास पक्का करण्यासाठी अत्यंत उपयोगी पडतो, परंतु तो बंदिस्त आणि लहान जागेत द्यावा. पुठ्ठ्याच्या फळ्यांनी कोपरा अडवावा, कपाटाखालच्या फटी बुजवाव्यात, विजेच्या तारा उचलून घ्याव्यात आणि पाळणाऱ्याने त्या कोपऱ्यात नुसते पाय पसरून बसावे. लपण्याचे एक घर तेथेही असावे. हॅम्स्टर आधी कडेकडेने फिरतो, मग मांडीवर चढतो, बाहीत शिरतो, उतरून जातो आणि पुन्हा येतो; येणे-जाणे पूर्णपणे त्याच्या मर्जीचे असल्यामुळे या अर्ध्या तासात जी सलगी होते ती पकडून ठेवलेल्या तासाभरात होत नाही. याच कारणाने दुकानांत मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू वापरू नये. त्यात कोंडलेल्या प्राण्याला थांबता येत नाही, लपता येत नाही, वास घेता येत नाही आणि भिंतींवर आदळण्याचा आघात सोसावा लागतो. माणसाला ते खेळणे वाटले तरी त्याच्यासाठी ती माघारीच्या सर्व वाटा बंद केलेली कोठडी असते.

इतके सांभाळूनही कधीतरी चावा बसतोच. तेव्हा ओरडू नये, तोंडावर फुंकर मारू नये, टिचकी मारू नये. शिक्षा आणि चूक यांचा संबंध त्याला लावता येत नाही, तो फक्त हाताशी वेदना जोडतो. हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने त्याला हलकेच बेडिंगवर उतरू द्यावे, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि मग चाव्याचे कारण शोधावे. झोपेतून उठवले का, मागून स्पर्श झाला का, हाताला अन्नाचा किंवा मांजराचा वास होता का, घरट्यात हात गेला का, या चार प्रश्नांत बहुतेक उत्तरे सापडतात. घरटे ही त्याची अखेरची सुरक्षित जागा असल्याने तेथे हात घालून त्याला बाहेर ओढणे म्हणजे मिळवलेला विश्वास स्वतःच्या हाताने मोडणे होय. चाव्यानंतर एकदोन पायऱ्या मागे जावे. पूर्वी हातावर चढत असेल तर पुन्हा बोटांच्या टोकावर खाऊ देण्यापासून सुरुवात करावी. मात्र आजवर शांत असलेला प्राणी कारणाशिवाय चावू लागला तर वेदना हे कारण असण्याची शक्यता मोठी असते, कारण शिकार होणारे प्राणी आजार लपवतात आणि वागणुकीतील बदल हीच कित्येकदा पहिली तक्रार असते.

त्याच्या देहबोलीतील काही खुणा सरळ आहेत. कान मागे पडलेले, अंग जमिनीशी चिकटलेले, दात वाजणे, चीत्कार, पाठीवर लोळून दात दाखवणे हे सर्व भयाचे किंवा इशाऱ्याचे प्रकार असून त्या वेळी हात मागे घ्यावा. अंग ताणून दिलेली जांभई, सावकाश चाल आणि उभे कान ही निवांतपणाची लक्षणे होत. अंग चाटून साफ करणे ही खूण मात्र दुहेरी आहे, आणि तिचा अर्थ लावताना पुष्कळजण फसतात. माणसासमोर बसून चेहऱ्यापासून कुशीपर्यंत संथपणे केलेली सफाई स्वस्थता दाखवते. हातातून उतरताच घाईघाईने दोनचार वेळा तोंड पुसणे हे मात्र अस्वस्थतेचे लक्षण असते. सीरियन मादीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. तिचे ऋतुचक्र चार दिवसांचे असते आणि चौथ्या संध्याकाळी पाठीला स्पर्श होताच ती शेपटी उंचावून जागच्या जागी थिजते, अंगाला उग्र वासही येतो; ही माया नव्हे आणि लकवाही नव्हे, दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत होते.

जातीपरत्वे अपेक्षा बदलाव्यात. सीरियन आकाराने मोठा व हालचालीने सावकाश असल्याने तो हाताळण्यास सर्वांत सोयीचा ठरतो. रोबोरोव्स्की हा अवघ्या 20-25 ग्रॅम वजनाचा, विजेसारखा चपळ प्राणी असून त्यातील अनेकांना उचललेले कधीच आवडत नाही. तो हातावरून खाऊ नेत असेल आणि माणूस जवळ बसलेला असताना निर्धास्त खेळत असेल तर संबंध पूर्ण झाला असे समजावे, त्यापुढे आग्रह धरू नये. कित्येक आठवडे लागणारे प्राणी प्रत्येक जातीत असतात. लहान मुलांच्या घरात हॅम्स्टरची जबाबदारी मोठ्यांनीच घ्यावी, कारण मुले झोपतात तेव्हा हा प्राणी उठतो आणि लहान मुठीला दाबाचा अंदाज नसतो. मुलांना खाऊ ठेवण्याचे व निरीक्षण लिहून ठेवण्याचे काम द्यावे. हाताळल्यानंतर सर्वांनी हात धुवावेत. हॅम्स्टरकडून साल्मोनेला जिवाणूचा आणि क्वचित गर्भाला घातक ठरणाऱ्या एका विषाणूचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने पिंजऱ्याची सफाई व हाताळणी टाळावी.

सफाईच्या अतिउत्साहाने विश्वास ढासळतो ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. दर आठवड्याला सगळे बेडिंग फेकून पिंजरा फिनेलने धुतला तर हॅम्स्टरच्या गंधखुणा नाहीशा होतात आणि तो दर वेळी परक्या मुलखात येऊन पडतो. रोज फक्त लघवीचा कोपरा आणि नासलेली ताजी भाजी काढावी, आणि काही आठवड्यांनी बेडिंग बदलताना निम्मे जुने तसेच ठेवून घरट्यातील मूठभर कागद परत द्यावा. भुशात दडवलेल्या दाण्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून, पिंजरा टेबलावर असल्यास, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत; मुंग्यांची पावडर किंवा लक्ष्मणरेषा पिंजऱ्याजवळ कधीही वापरू नये. गणेशोत्सवातील ढोलताशे आणि दिवाळीचे फटाके यांच्या दिवसांत पिंजरा रस्त्यापासून दूरच्या खोलीत हलवून बेडिंग वाढवावे आणि त्या आठवड्यात नवी पायरी शिकवायला घेऊ नये.

हॅम्स्टरचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोच ओळखीचा मग ठेवून त्याचे वजन घ्यावे. वजन सलग घटत असेल तर दुखणे वरून दिसण्याआधी कळते आणि मगात शिरणे ही त्याच्या दृष्टीने खाऊची गोष्ट असल्याने तपासणीचा ताणही पडत नाही. दीड वर्षानंतर मोतीबिंदू, मंदावलेले कान आणि झडणारे केस दिसू लागतात. अशा प्राण्याला हात लावण्यापूर्वी भुशावर बोटाने हलके टकटक करावे, घराच्या चढत्या पायऱ्या काढाव्यात, पाण्याचे भांडे खाली आणावे, आणि तो हातावर कमी वेळ बसू लागला तर ते मान्य करावे.

राहता राहिला प्रवासाचा प्रश्न. मे महिन्यात किंवा दिवाळीत कुटुंब गावी निघते तेव्हा हॅम्स्टरला गाडीतून सोबत नेण्याचा मोह टाळावा; तापलेली गाडी, धक्के आणि परके घर यांपैकी एकही गोष्ट त्याला सोसणारी नाही. पिंजरा आहे तेथेच ठेवून ओळखीच्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला रोज संध्याकाळी येण्याची विनंती करावी, आणि निघण्यापूर्वी निदान आठवडाभर त्या व्यक्तीचा वास असलेला टिश्यू कागद घरट्याजवळ ठेवून तिच्या हातून खाऊ देववावा. त्या व्यक्तीला उचलण्याची परवानगी देऊ नये. अन्न, पाणी, खोलीचे तापमान आणि प्राणी रात्री बाहेर आला होता की नाही, एवढेच पाहण्यास सांगावे, आणि पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक पिंजऱ्यावर चिकटवून ठेवावा. परतल्यावर एकदम हात आत न घालता पहिल्या संध्याकाळी फक्त बोलावे, दुसऱ्या संध्याकाळी तळवा टेकवून ठेवावा. बहुतेक हॅम्स्टर दोनतीन दिवसांत वास ओळखून पुन्हा हातावर येऊ लागतात.